सुकलेला कंडेन्सर

मे महिन्यात पंखा पाचावर असूनही रेंगाळायला लागला, की कोल्हापुरात घरातलं कुणीही निदान करतं: कंडेन्सर गेला. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून ‘अडीचचा’ आणायचा, दोन वायरी जोडायच्या, पंखा पुन्हा गरगरतो. अडीच म्हणजे अडीच मायक्रोफॅरॅड, हे सांगायचीही गरज पडत नाही. माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या स्पीकरचंही दुखणं पुष्कळदा कंडेन्सरचंच असतं, पण तिथे ते कुणाच्या ध्यानात येत नाही. पंख्याची मंद गती डोळ्यांना दिसते, घामेजल्या अंगाला जाणवते. स्पीकर मात्र वीस-पंचवीस वर्षांत इतका सावकाश मिटत जातो, की कान रोज थोडी थोडी तडजोड करत राहतात. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, “जुना झाला, आवाज बसलाय त्याचा,” आणि भंगारवाला पेटी उचलून नेतो. त्या पेटीतलं लाकूड, लोहचुंबक, कॉइल, कित्येकदा कागदी कोनसुद्धा ठणठणीत असतात. सुकलेले असतात ते आतले दोन-चार कंडेन्सर.

कोल्हापुरात हल्ली स्पीकर म्हटलं, की मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीच डोळ्यांसमोर येतात. इथे विषय त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड प्लेअरच्या किंवा कॅसेट डेकच्या दोन बाजूंना ठेवलेल्या, व्हिनिअर लावलेल्या जोडपेट्या. कोलकात्याच्या सोनोडाइनच्या, कॉस्मिकच्या, फिलिप्सच्या. आखातात नोकरीला गेलेल्या कुणीतरी येताना आणलेल्या जपानी. क्वचित एखाद्या हौशी घरात यॉर्कशायरच्या व्हार्फडेलच्या. अल्लादियाखाँसाहेब या गावात दरबारगायक होते आणि इथला गायन समाज देवल क्लब १८८३ सालचा आहे. अशा गावात घरातल्या आवाजाबद्दल चोखंदळ असणारी माणसं असायचीच. त्या माणसांनी पैसे साठवून घेतलेल्या पेट्या आज माळ्यांवर पडून आहेत, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटतं.

पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, दुकानात आणि उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत कंडेन्सर. इथेही दुकानातलाच शब्द ठेवू.

पेटीच्या आत, बहुधा मागच्या फळीवर, क्रॉसओव्हर नावाची छोटी पट्टी असते. अँप्लिफायरकडून आलेला आवाज ती वाटून देते: खर्ज मोठ्या स्पीकरला, म्हणजे वूफरला, टीप छोट्याला, म्हणजे ट्वीटरला, आणि तीन स्पीकरची पेटी असेल तर मधला भाग मधल्याला. ट्वीटरच्या वाटेवर कंडेन्सर उभा असतो. तो खालचे सूर अडवतो आणि वरचे जाऊ देतो. वूफरच्या वाटेवर तांब्याच्या तारेची कॉइल असते. तिचं काम याच्या उलट. वाटणी कुठे व्हावी हे कंडेन्सरच्या मापावर ठरतं. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरॅडचा एकच कंडेन्सर लावला, तर सीमा साधारण ४,२०० हर्ट्झला पडते. तोच सुकून ३.३ वर उतरला, तर सीमा ६,००० हर्ट्झवर सरकते. मधल्या पट्ट्याला वाली उरत नाही: वूफरने तो सोडलेला असतो आणि ट्वीटरने अजून घेतलेला नसतो. गायकाच्या आवाजातले ‘स’, ‘श’, ‘च’, तबल्याच्या चाटेची कड, तंबोऱ्याची जवारी, सगळं याच पट्ट्याच्या आसपास असतं. आवाज ‘बसला’ असं घरातले म्हणतात, ते यामुळे.

सुकणं म्हणजे काय, ते एकदा प्रत्यक्ष पाहावं. काढून टाकलेला कंडेन्सर पकडीत धरून त्याचं ॲल्युमिनियमचं टोपण कापावं आणि आतली गुंडाळी उलगडावी. विडीसारखी घट्ट वळलेली असते. ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये टीपकागदासारखा कागद. हा कागद एका द्रवात भिजवलेला असतो. त्या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. वीज अडवण्याचं खरं काम करतो तो पट्टीवरचा ऑक्साइडचा थर, माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. कागदातल्या ओलाव्यामुळे दुसरी पट्टी त्या थराला सर्वांगाने भिडते. चांगल्या कंडेन्सरमध्ये कागद बोटाला ओलसर लागतो. मेलेल्यामध्ये तो कोरडा, तपकिरी आणि तंबाखूच्या पानासारखा कुरकुरीत झालेला असतो, आणि गळालेला असेल तर मासळीसारखा वास येतो. ओलावा गेला की पट्टीचा भिडणारा भाग कमी होतो, म्हणून माप घटतं. आणि जो भाग उरतो त्यातून वीज कष्टाने जाते, म्हणून अंतर्गत विरोध वाढतो. ओलावा जातो तो तळाच्या रबरी बुचातून, आणि उष्णतेत फार लवकर जातो. दर दहा अंश तापमानाला आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेला स्पीकर आणि खाली बैठकीत राहिलेला स्पीकर यांत म्हणूनच फरक पडतो. जोडीतली एक पेटी माळ्यावर आणि एक खाली, असं असेल तर दोघींची मापंही निराळी येतात.

पंख्यातला कंडेन्सर मात्र या जातीचा नाही. त्यात द्रव नसतो, प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा मुलामा असतो. त्यात कुठे ठिणगी पडली, की तेवढा मुलामा जळून जातो आणि बाकीचा काम करत राहतो. अशी शेकडो छिद्रं पडली की माप घटतं आणि पंखा रेंगाळतो. स्पीकरच्या क्रॉसओव्हरवर इतका ताण येतच नाही, त्यामुळे तिथले फिल्मचे कंडेन्सर चाळीस-पन्नास वर्षांनंतरही बहुधा छापील मापाला टिकून असतात. हा फरक पक्का ध्यानात ठेवावा, कारण सगळी दुरुस्ती यावर उभी आहे. जे सुकतं तेच बदलायचं. पुष्कळ जण हौसेने पट्टीवरचं एकूण एक सामान उपटून नवं भारी घालतात आणि मग म्हणतात, आवाज ‘उघडला’. उघडला असेलही, पण तो त्या स्पीकरचा आवाज राहिलेला नसतो. दुरुस्ती करणाऱ्याने स्पीकर घडवणाऱ्याच्या जागी बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

पण आधी खरंच कंडेन्सरच गेला आहे का? पेटी उघडण्याआधी पेट्यांपाशी डावी-उजवी वायर अदलाबदल करून पाहावी. दोष दुसऱ्या पेटीकडे सरकला, तर तो अँप्लिफायरमध्ये किंवा वायरीत आहे. दोष त्याच पेटीत राहिला, तर पुढे जावं. ट्वीटरची पातळी कमीजास्त करायची चकती मागे किंवा पुढे असेल, तर ती वीस-तीस वेळा पुरी फिरवावी. आमच्याकडच्या पावसाळी दमट हवेत तिच्या तारेवर गंज बसतो आणि ट्वीटर मुका होतो. कंडेन्सर बिचारा उगाच बदनाम होतो. मल्टिमीटरने ट्वीटरचा विरोध मोजावा: आठ ओहम छापलेला ट्वीटर साडेपाच ते सातच्या दरम्यान दाखवतो. काहीच दाखवलं नाही, तर आतली तार तुटली आहे आणि कंडेन्सर बदलून उपयोग नाही. वूफरच्या कडेची फोमची झालर बोट लावताच भुगा होऊन पडत असेल, तर ते काम आधी करायचं. आणि १९८०च्या आसपासच्या किंवा नंतरच्या काही ट्वीटरमध्ये चुंबकाच्या फटीत एक चुंबकीय तेल असतं. ते घट्ट झालं तरी आवाज असाच मंदावतो. नवा कंडेन्सर घालूनही टीप येत नसेल, तर संशय तिकडे न्यावा.

उघडताना घाई होते ती वूफरच्या स्क्रूंपाशी. वूफरचं चुंबक स्क्रू-ड्रायव्हरला ओढतं, हात क्षणभर सैल पडतो आणि टोक कोनमध्ये घुसतं. एका हाताने स्क्रू-ड्रायव्हरची दांडी खालून धरावी आणि कोनवर जाड पुठ्ठा ठेवावा. पेटी आडवी करून वूफर वर उचलायचा, आणि वायरी काढण्याआधी फोटो घ्यायचे: कुठल्या रंगाची वायर कुठल्या पायाला, कंडेन्सर कुठल्या दिशेला, कॉइल कशी ठेवली आहे. काचेची लोकर भरलेली असेल तर हातमोजे आणि मास्क लावावा. ती जशी निघते तशी पिशवीत भरून ठेवावी, कारण ती पुन्हा तितकीच भरायची आहे. मग कागदावर सर्किट काढावं. जुन्या कंडेन्सरवर ‘एमएफ’ किंवा ‘एमएफडी’ छापलेलं असलं तरी अर्थ मायक्रोफॅरॅडच. ‘एनपी’ किंवा ‘बीपी’ असेल तर तो दोन्ही दिशांनी चालणारा इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे सुकणाऱ्यांतला. मापामागचं अक्षर माप किती चुकू शकतं ते सांगतं: ‘जे’ म्हणजे पाच टक्के, ‘के’ म्हणजे दहा, ‘एम’ म्हणजे वीस टक्के इकडेतिकडे.

मोजताना कंडेन्सरचा एक पाय पट्टीपासून सोडवलाच पाहिजे, नाहीतर मीटर त्याच्याबरोबर कॉइल आणि ट्वीटरही मोजतो. साध्या मल्टिमीटरचं कंडेन्सरचं माप इथे फसवतं. ८ मायक्रोफॅरॅडचा जुना कंडेन्सर ११ दाखवतो आणि माणूस समजतो, हा तर अजून दणकट आहे. प्रत्यक्षात त्यातून वीज गळत असते किंवा अंतर्गत विरोध वाढलेला असतो, आणि मीटर ती गळती मापात धरतो. म्हणून एलसीआर मीटर हवा, जो एक हजार हर्ट्झला माप आणि अंतर्गत विरोध दोन्ही वेगळे दाखवतो. आपल्याकडे नसेल तर जवळच्या एखाद्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये तो असतोच. तिथल्या सरांना विचारलं तर दहा मिनिटांचं काम आहे. डाव्या आणि उजव्या पेटीचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावेत. एका पेटीत ५.१ आणि दुसऱ्यात ३.९ असे आकडे दिसले, की गाणारा माणूस मधोमध उभा राहण्याऐवजी एका बाजूला का सरकतो, ते कळतं.

आता नवा कंडेन्सर. पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या गल्ल्यांत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला पॉलिप्रॉपिलीनचे ऑडिओ कंडेन्सर मिळतात. कोल्हापुरातून एखाद्या खेपेला उरकण्यासारखं काम आहे. पण इथल्या दुकानातलाही एक माल कामाचा आहे. पंख्याचे आणि पंपाचे ‘रन’ कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचेच असतात, ४४० व्होल्ट एसीचे, पाच टक्के मापाचे. पंख्यासाठी २.५, ३.१५ आणि ४ मायक्रोफॅरॅड, पंपासाठी ३६ आणि ५० पर्यंत. ऊसपट्ट्यातलं गाव असल्यामुळे हे हव्या त्या मापात मिळतात. अट एकच: मोजल्याशिवाय घेऊ नये. हलक्या मालात अडीच छापलेला दोन-सव्वादोनही भरतो. आणि पंपाच्या पेटीतला ‘स्टार्ट’ कंडेन्सर चुकूनही आणू नये. तो इलेक्ट्रोलिटिक असतो, दोन-तीन सेकंदांच्या झटक्यासाठी बनवलेला, मापाला ढिला. गाणं तासभर चालतं.

बाजारात नेमकं माप मिळत नाही तेव्हा दोन कंडेन्सर समांतर जोडायचे. मापांची बेरीज होते. ६ हवा असेल तर ३.३ आणि २.७. ८ हवा असेल तर ४.७ आणि ३.३. ५ हवा असेल तर पंख्याचे दोन अडीचचे. छापील मापापेक्षा दोन पेट्यांमधलं साम्य जास्त मोलाचं, म्हणून चारऐवजी सहा-आठ नग आणून, मोजून, जुळणाऱ्या जोड्या लावाव्यात. दोन पेट्यांत दोन टक्क्यांहून जास्त तफावत ठेवू नये. व्होल्टचं गणित सोपं आहे: आठ ओहमला शंभर वॉट म्हणजे २८ व्होल्ट, शिखरावर ४०. शंभर व्होल्टचा कंडेन्सर घरच्या पेटीला पुरतो. अडीचशे-चारशेचा घातला तर बिघडत काही नाही, फक्त जागा जास्त लागते.

खरी मेख अंतर्गत विरोधात आहे, आणि बहुतेक दुरुस्त्या बिघडतात त्या इथे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवा असतानाही त्याच्यात अर्धा ते दीड ओहम विरोध असतो. फिल्मच्या कंडेन्सरमध्ये तो जवळपास शून्य. ज्या इंजिनिअरने १९७०च्या दशकात ती पेटी ऐकून, मोजून मंजूर केली, त्याने तो एक ओहम जमेस धरूनच ट्वीटरची पातळी ठरवली होती. आपण फिल्मचा घातला आणि तो एक ओहम काढून टाकला, तर आठ ओहमच्या ट्वीटरची पातळी साधारण एक डेसिबल वर जाते. एक डेसिबल ऐकायला फार वाटत नाही, पण रोज दोन तास ऐकलं तर गायिकेचा ‘स’ टोचायला लागतो आणि आठवड्याभरात माणूस जुना आवाजच बरा होता म्हणतो. उपाय साधा आहे: नव्या कंडेन्सरच्या ओळीत, म्हणजे सिरीजमध्ये, अर्ध्या ते एक ओहमचा, पाच वॉटचा, तारेचा सिमेंट रेझिस्टर घालावा. आधी त्याच्यासकट ऐकावं, मग त्याच्याशिवाय. एवढीशी पांढरी कांडी त्या पेटीचा स्वभाव परत आणते, हे ज्याने ऐकलं आहे त्याला पटवावं लागत नाही.

मोठ्या मापांचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्चच्या एआर-३ए या नावाजलेल्या पेटीत ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरॅड असे तीन कंडेन्सर होते. त्या काळी १५० चा फिल्म कंडेन्सर पावाच्या लादीएवढा झाला असता आणि किमतीला पेटीलाच जड गेला असता, म्हणून इलेक्ट्रोलिटिक आले. आजही वूफरकडच्या मोठ्या मापाला नवा, दोन्ही दिशांनी चालणारा इलेक्ट्रोलिटिकच घालावा, शक्यतो पाच किंवा दहा टक्के मापाचा. खर्च कमी, जागा तितकीच, आणि विरोधही मूळ पेटीच्या हिशेबात बसतो. तो आणखी वीस-पंचवीस वर्षं काढेल, तेव्हा पुन्हा बदलता येईल.

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात एक प्रकार हमखास होतो: दिशा असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक लावून देतात, कारण तो हाताशी असतो. गाण्याची वीज दोन्ही दिशांनी वाहते. उलट्या फेरीत त्याच्यातला ऑक्साइडचा थर खचतो, आवाज खरखरतो, कंडेन्सर तापतो आणि फुगतो. अडलंच तर दहा-दहाचे दोन साधे कंडेन्सर, ऋण पायाला ऋण पाय जोडून, ओळीत घालता येतात. त्यांचं माप पाच होतं. तात्पुरतं चालतं. वीस टक्के ढिल्या मालाचे दोन नग एकत्र आले की नेमकेपणाची आशा सोडावी लागते, एवढंच.

सोल्डरिंगला पंचवीस वॉटचं आयर्न पुरत नाही. कॉइलची जाड तार उष्णता पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो, वरून चकचकीत दिसला तरी. चाळीस ते साठ वॉटचं घ्यावं, साठ-चाळीसचं कथील-शिसं सोल्डर. नवा पाय आधी हुकासारखा वळवून अडकवावा, मग सोल्डर वाहू द्यावं. जुन्या पट्टीवरचा तांब्याचा पापुद्रा फार तापवला तर उचलला जातो, म्हणून जुनं सोल्डर तांब्याच्या जाळीने टिपून घ्यावं. नवे फिल्म कंडेन्सर आकाराने मोठे असतात आणि पाय फक्त वीज नेण्यासाठी असतात, वजन पेलण्यासाठी नव्हे. नायलॉनच्या पट्ट्याने बांधून खाली ग्लू-गनचा गोंद द्यावा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नये. त्यातलं आम्ल तांबं खातं. जागा करण्यासाठी कॉइल सरकवण्याचा मोह आवरावा. दोन कॉइल एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या असतात, कारण समोरासमोर आल्या तर एकीचा आवाज दुसरीत उतरतो. कॉइल म्हातारी होत नाही, तिला हातच लावू नये. लोखंडी गाभ्याची काढून त्याच मापाची पोकळ घातली, तर तारेचा विरोध वाढतो आणि वूफरचा खर्ज सैल होतो.

एक सापळा खास सांगायला हवा. पुष्कळ पेट्यांत ट्वीटरची धन-ऋण वायर मुद्दाम उलटी जोडलेली असते. बारा डेसिबल उताराच्या, म्हणजे प्रत्येक वाटेवर कंडेन्सर आणि कॉइल दोन्ही असलेल्या, क्रॉसओव्हरमध्ये सीमेपाशी वूफर आणि ट्वीटर यांच्यात अर्ध्या फेरीचा फरक पडतो, आणि वायर उलटी केल्यानेच ते पुन्हा एका पावलात येतात. दुरुस्ती करणाऱ्याला ती चूक वाटते. तो ‘सरळ’ करतो आणि नेमका मधला पट्टा खड्ड्यात जातो, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच दुखणं परत. सुरुवातीला घेतलेले फोटो इथे उपयोगी पडतात.

दोन्ही पेट्या एकदम करू नयेत. आधी एक पूर्ण करावी, अँप्लिफायर मोनोवर ठेवावा, आणि बॅलन्सची कळ एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून नवी आणि जुनी समोरासमोर ऐकावी. दोन्ही झाल्यावर तुलना करायला काही उरत नाही आणि माणूस स्वतःला हवं ते ऐकतो. पहिला आवाज अगदी हळू ठेवावा, आणि ट्वीटर बोलतोय याची खात्री कान जवळ नेऊन करावी. ऐकायला मोठा ऑर्केस्ट्रा नको, नुसता तंबोरा लावावा. जवारी जुळवतात ती घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवून. तो योग्य जागी आला, की तारेतून वरच्या सुरांची झळाळी निघते. ही झळाळी क्रॉसओव्हरच्या सीमेच्या आजूबाजूलाच असते. सुकलेल्या पेटीत तंबोरा नुसता गुणगुणतो, खालचा षड्ज तेवढा कळतो. विरोध न जुळवता फिल्म घातलेल्या पेटीत तारेचा पत्रा वाजल्यासारखा येतो. नीट जुळलेल्या पेटीत षड्जातून गांधार आपोआप उमटताना ऐकू येतो, तंबोरा समोर ठेवल्यासारखा. मिरज इथून पन्नास-एक किलोमीटरवर, तंबोऱ्यांचं गाव. खरा तंबोरा कसा बोलतो, ते या भागातल्या कानाला शिकवावं लागत नाही.

मग पेटी बंद करायची. लोकर जितकी होती तितकी. वूफरखालची जुनी पुटी किंवा पट्टी कडक झाली असेल, तर नवी मऊ फोमची पट्टी. पार्टिकल बोर्डातली स्क्रूची भोकं सैल झाली असतील, तर आगकाड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून ठोकाव्यात, रात्रभर सुकू द्याव्यात आणि मग स्क्रू हाताने घट्ट करावेत, मशीनने नव्हे. बंद जातीची पेटी असेल तर वूफर बोटांनी हळूच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी फट आहे.

पुरात बसलेल्या पेट्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत, लक्ष्मीपुरीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या बैठकींमध्ये असलेल्या पुष्कळ पेट्या पाण्यात राहिल्या. अशी पेटी वाळली म्हणून लगेच लावून पाहू नये. पार्टिकल बोर्ड फुगून तळ सुटलेला असतो, तो वाचत नाही; नवी पेटी त्याच मापाने, आतल्या घनफळासकट, सुताराकडून करून घ्यावी. वूफरच्या चुंबकाच्या फटीत गाळ गेला असेल तर कोन हलवताना खरखर लागते. क्रॉसओव्हर मात्र पुष्कळदा वाचतो: पट्टी स्वच्छ पाण्याने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, आठ-दहा दिवस सावलीत वाळवून. त्यावरचे इलेक्ट्रोलिटिक न मोजताच बदलावेत, कारण पायाशी गंज आत शिरलेला असतो.

शेवटी एक वही-पेनचं काम राहतं. कागदावर तारीख, पेटीचं नाव, कुठल्या जागी किती मापाचा काय काढला, त्याचं मोजलेलं माप किती आलं, आणि कुठल्या मापाचं काय घातलं, रेझिस्टर किती ओहमचा, हे सगळं लिहावं. काढलेले कंडेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो कागद त्यांच्यासोबत ठेवावा, आणि पिशवी पेटीच्या आत, वूफरच्या मागच्या फळीवर, खडखडणार नाही अशी टेपने चिकटवावी. पंचवीस वर्षांनी कुणीतरी वूफरचे स्क्रू पुन्हा सोडवेल, तेव्हा त्याच्या हाताला पहिल्यांदा तीच लागेल.